मागच्या फाटकाचं जेवण

सोमवार, २ फेब्रुवारी

आज बऱ्याच दिवसांनी भट्टीसमोर उभी राहून गुणगुणले. नवऱ्याने वळून पाहिलं आणि विचारलं, "काय गं, बरं आहे ना?" या घरात बाई आनंदात दिसली की आधी तिच्या कपाळाला हात लावून बघतात.

झालं असं, की कारखान्याचा स्टोअरबाबू दुकानात आला होता. संपाला दुसरा महिना लागलाय. निम्मी गल्ली घरी बसून आहे आणि आमचा पाव फळीवरच शिळा होतोय. अशात हा माणूस स्वतःच्या पायांनी आला आणि रोज दुपारच्या साठ थाळ्या सांगून गेला. संप असला तरी ऑफिस चालू आहे, पहारेकरी आहेत, मशीनला तेलपाणी करणारे आहेत आणि आतली कॅन्टीन बंद आहे, असं नवरा म्हणतो. सगळं बोलणं त्यानेच केलं. मला फक्त विचारलं, "जमेल ना?" मी म्हटलं, "अहो, न जमायला काय झालं?" (वहीत मी त्याला अरेतुरे करते. तेवढी चैन असू दे.)

दमाचे जव मी डोळे मिटून करते. पाव निघाल्यावर भट्टीत जी धग उरते, तिच्यावर आमच्या गल्लीची दुपार शिजते. बायका सकाळी आपापलं भांडं आणून देतात. आत भिजवलेले जव, राजमा, कांदा, गाजर, घरात असेल ते. झाकण कणकेने लिंपलेलं आणि त्या कणकेवर आपली खूण उमटवलेली, कुणाची किल्ली तर कुणाचं बटण. सासऱ्यांच्या वेळेपासून हे चालू आहे. त्याचं आम्ही काही घेत नाही, पाव मात्र आमच्याकडूनच न्यायचा.

आता माझेही ट्रे जाणार. कुणाच्या तरी कामाला येणं बरं वाटतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पहिला दिवस पार पडला. हातांना अजून कांद्याचा वास येतोय.

खोल ट्रेंना आतून लोणी फासलं. तळाला लसणावर परतलेले जव, त्यावर राजमा, त्यावर गाजर आणि टोमॅटो, मग पुन्हा जव. भाज्यांच्या साली उकळून केलेलं पाणी दोन बोटं वर येईल इतकं. झाकून भट्टीत. शेवटी झाकण काढून शिळ्या पावाचा चुरा आणि लोण्याचे तुकडे पसरले, की वर बदामी कवच धरतं. चमचा मारला की कुर्रकन् वाजतं आणि आतून वाफ येते.

राजम्याचा मात्र सासऱ्यांनी घालून दिलेला नियम आहे. रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि चुलीवर चांगला खळखळ उकळायचा. मगच भट्टीत. न उकळता नुसता मंद धगीवर ठेवला तर तो मऊ होतो, दिसायलाही छान दिसतो, पण त्यातलं विष जात नाही. त्यांच्या तरुणपणी एका घराने आळस केला आणि संध्याकाळपर्यंत घरातली सगळी माणसं ओकत होती. कुणी दगावलं नाही, पण भट्टीचं नाव गेलं ते गेलंच. त्यानंतर सासरे प्रत्येक भांडं हातात घेताना एकच विचारायचे, "उकळलाय?" ते गेल्यावर मी विचारते. बायका वैतागतात.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

ट्रे चाटूनपुसून परत येतात! कोपऱ्यातलं करपलेलंसुद्धा खरवडून नेलेलं असतं. स्टोअरबाबूने निरोप पाठवलाय, जव वाढवा, माणसांना पुरत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "खुर्चीत बसून एवढी भूक लागते होय? उद्यापासून मलाही एक खुर्ची आणा." तो हसला नाही. हल्ली त्याला विनोद पचत नाही.

ट्रेच्या कडांना काळे, तेलकट अंगठे उमटलेले असतात. घासताना जीव जातो. पहारेकऱ्यांनी जेवणाआधी हात धुवायला काय हरकत आहे?

जेवण तो मागच्या फाटकाने नेतो. पुढच्या फाटकासमोर संपवाल्यांचा मांडव आहे, गर्दी असते, गाडी निघत नाही, असं म्हणाला.

सोमवार, ९ फेब्रुवारी

भट्टी बिघडली आहे.

दुसरं काही कारण असूच शकत नाही. गेल्या आठवड्यात ओळीने भांडी यायची, आज मोजून चार आली. समोरची शिंपीण रोज पहिला नंबर लावायची. तिला विचारलं, "भांडं नाही आणलं?" तर म्हणाली, "घरीच शिजवते हल्ली." एवढं बोलून मशीन सुरू केलं, तेही कापड न लावता.

त्यांचे जव कच्चे राहिले असणार आणि भिडेपोटी कुणी बोललं नसणार. माझे ट्रे मधल्या जागेत असतात, त्यांची भांडी कडेला. कडेला धग कमी पडत असेल. दुपारभर भट्टीच्या दाराच्या फटी मातीने बुजवल्या. नवरा म्हणाला, "कशाला उगाच खटाटोप करतेस?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक तुटतंय, दिसत नाही का?" तर तो पाव मोजायला लागला.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आज एकच भांडं. भावजयीचं.

उचलतानाच हलकं लागलं. कणीक सोडवून पाहिलं, तर जव पाण्यात पोहत होते आणि राजमा नावालाही नव्हता. सातवा महिना चालू आहे तिला! माझ्या ट्रेमधला ओगराळंभर राजमा तिच्या भांड्यात घातला, परत लिंपून तिची खूण मी माझ्या हाताने उमटवली. दुपारी नेताना तिला वजन कळलंच असेल. माझ्या दंडाला हात लावून गेली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

भाऊ आला होता. माझा धाकटा, कारखान्यात फिटर आहे. लहानपणी रडायला लागला की तीन गल्ल्या जाग्या व्हायच्या, म्हणून त्याचं नाव भोंगा पडलं. आता तोच भोंगा मांडवात घोषणा देतो. तो "आमच्या मागण्या" म्हणाला की माझ्या फळीवरच्या बरण्या हलतात. मी तोंडावर हसते, पण आतून अभिमान वाटतो.

आज मात्र आवाज बसलेला. दाढी वाढलेली. स्टुलावर बसून माझ्या ट्रेंकडे बघत राहिला.

"ताई, हे कुठे जातं?"

"ऑफिसात."

"ऑफिसात," असं म्हणून तो हसला. ते हसणं मला आवडलं नाही. "ताई, तू खरंच इतकी साधी आहेस, की तसं दाखवतेस?"

"म्हणजे काय?"

"काही नाही. दाजींना विचार."

थाळी पुढे केली तर उठून गेला. लहानपणी माझ्या ताटातलं पळवून खाणारा हा! जाताना कारखान्याच्या धुराड्याकडे बोट करून म्हणाला, "बंद कारखान्यातून धूर कसा येतो, तेही विचार." तो धूर मी रोज बघते. मला वाटायचं, आत कचरा जाळतात.

सोमवार, १६ फेब्रुवारी

विचारायची गरजच पडली नाही. पाव घेऊन शिंपिणीकडे गेले होते, फुकट द्यायला. तिने घेतला नाही. मी चिडून म्हटलं, "माझ्या भट्टीत दोष असेल तर तोंडावर सांग ना!"

तिने कात्री खाली ठेवली. "तुझ्या भट्टीत काय दोष असणार बाई? आमच्या नवऱ्यांच्या जागी बाहेरून माणसं आणून बसवलीत. मागच्या फाटकाने आत घेतात. रोज त्यांना तू जेवू घालतेस आणि वर आम्हाला विचारतेस, भांडं का नाही आणलं? त्याच भट्टीत आमचं शिजवू?"

मला पुढचं फारसं ऐकू आलं नाही. गेला आठवडाभर मी भट्टीचं दार लिंपत बसले. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. भोंग्याला ठाऊक होतं. आणि मी विचारत होते, खुर्चीत बसून भूक लागते होय!

लाज वाटते. वहीतसुद्धा लिहायची लाज वाटते.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

नवऱ्याशी भांडले. अगदी पोट भरून भांडले.

तो म्हणाला, "संप काय मी केला? पाव कोण घेतंय आपला? भट्टी थंड पडली तर पुन्हा कोण पेटवणार आहे, तुझा भाऊ?" मी म्हटलं, "त्याच्याच पोटावर पाय देतोय आपण." तर म्हणे, ती बाहेरून आलेली माणसंही उपाशीच असतात, त्यांचं पोट म्हणजे पोट नाही का? यावर मी आणखी मोठ्याने ओरडले.

शेवटी म्हणाला, महिनाभराचा शब्द दिलाय, तो मोडणार नाही. तू नाही केलंस तर मी करीन. तो काय करणार आहे? जव आणि खडे यांतला फरक त्याला कळत नाही.

आज पुन्हा केलं. नाक मुठीत धरून केलं. कवच मात्र सुंदर धरलं होतं, आणि मला तेही आवडलं. याचा राग येतो.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

भाऊ आला, पण माझ्याकडे नाही. मागच्या अंगणात, नवरा गाडीत ट्रे लावत होता तिथे. मी खिडकीआड होते.

"दाजी, फाटकावर नावं विचारतात का?"

"नाही. डोकी मोजतात."

"ओळखीचं कुणी असतं पहाऱ्यावर?"

"पहारा नवीन आहे सगळा. तुला कशाला हव्यात नसत्या चौकशा?"

"सहज."

ही मांडवातली पोरं आत घुसून त्या माणसांना मारणार, म्हणून तर सगळी माहिती काढतोय! पुढारी हाच. पोलीस पहिला यालाच उचलतील आणि बायको सातव्या महिन्यात. हाक मारली तर मान खाली घालून निघून गेला. माझ्याकडे बघितलंही नाही.

यावर काहीतरी केलंच पाहिजे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

भावजयीचंही भांडं आलं नाही. शेवटी तिनेही मला टाकलं. चूक कुणाची आहे ते मला समजतं, पण वाईट वाटायचं थोडंच थांबतं?

रविवार, २२ फेब्रुवारी

एक विचार दोन दिवस डोक्यात बसलाय. लिहून बघते, कागदावर कसा दिसतो.

राजमा उकळायचा नाही.

नुसता भिजवायचा आणि ट्रे उशिरा, भट्टी बरीच उतरल्यावर आत ठेवायचे. मऊ होईल. चवीत काही कळणार नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची पोटं उलटतील आणि उद्याच्या उद्या स्टोअरबाबू जेवण बंद करेल. नवऱ्याचा शब्द मोडायला नको, मला कुणाशी भांडायला नको. आजारी माणसं काम करणार नाहीत, म्हणजे भोंग्याला आत घुसून हाणामारी करायचं कारण उरणार नाही. कुणी मरत नाही याने. सासऱ्यांच्या वेळीही कुणी मेलं नव्हतं.

कागदावर वाईट दिसतंय. पण इकडे आड, तिकडे विहीर अशी गत झाल्यावर माणूस काय चांगलं दिसणारं करणार?

नवरा म्हणाला होता, त्यांचं पोट म्हणजे पोट नाही का. नको तेव्हा आठवतं हे.

राजमा भिजत घातला आहे. तो तर रोजच घालते. अजून काही बिघडलेलं नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी, सकाळ

ट्रे आत गेले. उकळला नाही. पातेलं चुलीवर चढवलं होतं, तळाशी बुडबुडे यायच्या आत उतरवलं. चुरा एका बाजूला जास्त पडला. नवऱ्याने विचारलं, "आज उशीर का?" मी म्हटलं, "कांदे कुजके निघाले." खोटं इतक्या सहज आलं, की मीच चकित झाले.

सोमवार, संध्याकाळ

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.

नवरा ट्रे घेऊन निघाला आणि मी फळ्या पुसत बसले. पुसलेल्याच फळ्या पुन्हा पुसत होते. तेवढ्यात भावजय आली. दारातच भिंतीला धरून उभी राहिली. वाटलं, हिला कळा सुरू झाल्या.

"ताई, कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. कुणाला बोलू नकोस."

"काय झालं?"

"हे आज आत गेलेत. मागच्या फाटकाने. तोंडाला रुमाल बांधून. म्हणाले, बाळ यायच्या आत घरात दाणा तरी हवा, घोषणा काय शिजवून घालू?" आणि रडता रडता पुढे म्हणाली, "निदान दुपारचं तुझ्या हातचं जेवतील, एवढंच समाधान."

मी धावले. चप्पल घातली नव्हती. मांडवासमोरून गेले, लोक उठून उभे राहिले, कुणीतरी विचारलं, "काय झालं? आग लागली का?" आणि गर्दी माझ्या मागे धावू लागली. त्यांना थांबवायला हवं होतं. मला ते सुचलंच नाही.

मागच्या फाटकापाशी पोचले, तर गाडी आत गेलेली, फाटक अजून अर्धं उघडं. पहारेकऱ्याने हात आडवा केला, त्याच्या हाताखालून शिरले. अंगणात माणसं रांगेत उभी. नवरा वाढत होता. पुढच्या दोघांच्या तोंडात घास होता. एक म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, चावता चावता माझ्याकडे बघून चक्क हसला. मी "खाऊ नका!" म्हणून ओरडले आणि ट्रे ढकलला. मग दुसरा, तिसरा. हात भाजले. वाढलेल्या थाळ्या हातांतून हिसकावल्या. जव मातीत, सगळीकडे जव.

माझा भाऊ रांगेत मधेच उभा होता, रिकामी थाळी धरून. रुमालातूनही मी त्याला ओळखलं. मी त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि विचारलं, "तू खाल्लंस का? खाल्लंस का तू?" तो नाही म्हणाला. पण तोवर गर्दी फाटकातून आत घुसली होती आणि शिंपिणीच्या नवऱ्याने त्याच्या तोंडावरचा रुमाल ओढला.

"अरे, हा तर भोंगा!"

मारलं नाही कुणी. त्याला वाट करून दिली. एवढ्या माणसांमधून तो एकटा चालत बाहेर गेला. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी! बाईने फितुरांचं अन्न मातीत घातलं, सख्ख्या भावाचीही गय केली नाही म्हणाले. बायकांनी माझे भाजलेले हात हातात घेतले.

नवऱ्याने खाली वाकून एक राजमा उचलला. बोटांत दाबला. मग माझ्याकडे असं बघितलं, की त्याला कळलंय हे मला कळलं.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

त्या दोघांना काल रात्री उलट्या झाल्या. तरुण आज बरा आहे. म्हाताऱ्याला दवाखान्यात सलाईन लावलंय. नवरा बघून आला. "वाचेल," एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला. कारखान्याने शिळ्या अन्नाचं निमित्त सांगून जेवण बंद केलं. म्हणजे मी ठरवलं होतं तसंच झालं.

सकाळी दारात भांड्यांची रांग लागली होती. शिंपीण सगळ्यांत पुढे. मी प्रत्येकीच्या हातातून भांडं घेतलं. "उकळलाय?" हे मात्र मला विचारता येईना.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

म्हातारा घरी गेला. त्याच्या गावाला, आता तो कामावर येणार नाही. नवरा हे मला पाठ केल्यासारखं सांगत होता.

भाऊ बुधवारी पहाटे निघून गेला. कुठे ते सांगितलं नाही. काम लागलं की बायकोला बोलावतो म्हणाला. या गल्लीत पुन्हा तोंड दाखवणार नाही. माझ्याकडे फिरकला नाही. कसा फिरकेल?

दुपारी भावजय आली. बस म्हटलं, बसली नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. भट्टी भरलेली होती, आतून सगळ्यांच्या जेवणाचा वास येत होता.

"ताई, मी एकच विचारायला आले," ती म्हणाली. "मी तुला विश्वासाने सांगितलं. ते ऐकून तू धावलीस. त्यांना सगळ्या लोकांसमोर धरायला धावलीस ना? ते तसंच म्हणत होते. मी म्हटलं, ताई असं करणार नाही, दुसरं काहीतरी कारण असेल. असलं तर सांग. मी त्यांना कळवीन. ते परत येतील."

नवरा पाव मोजत होता, त्याचे हात थांबले. कारण होतं. अगदी तोंडाशी आलं होतं. ते सांगितलं असतं तर भाऊ कदाचित परत आला असता. पण मग हेही सांगावं लागलं असतं, की त्या रांगेतल्या बाकीच्यांना वाढायला मी जाणूनबुजून न उकळलेला राजमा पाठवला होता. भाऊ रांगेत नसता, तर मी फळ्याच पुसत बसले असते.

"ताई?"

"हो," मी म्हणाले. "त्याला धरायलाच गेले होते."

तिने मान हलवली. मग एका हाताने पोट सांभाळत, दुसऱ्या हाताने भिंत धरून पायरी उतरली. मी तिला सावकाश जा, एवढंसुद्धा म्हटलं नाही.